हातउसने

हातउसने म्हणजे नात्यातील, ओळखीच्या किंवा शेजारच्या व्यक्तीकडून थोड्या मुदतीसाठी, बहुधा बिनव्याजी आणि कागदपत्राविना, केवळ शब्दावर घेतलेली रक्कम किंवा वस्तू होय. अशा देवघेवीस उसनवार किंवा उसनवारी असेही म्हणतात. दवाखान्यात भरावयाची अनामत, शाळा-महाविद्यालयाचे शुल्क, पेरणीच्या तोंडावर लागणारे बियाणे, लग्नकार्यात ऐनवेळी वाढलेला खर्च किंवा लांबलेला पगार अशा प्रसंगी मराठी कुटुंबे प्रथम याच मार्गाचा आधार घेतात. या व्यवहारात अर्ज नसतो, तारण नसते आणि जामीनदारही नसतो. नाते हेच एकमेव तारण असते. त्यामुळे व्यवहार बिघडल्यास रकमेबरोबर नातेही गमावण्याचा धोका असतो.

व्यवहार घरगुती असला तरी कायद्याच्या दृष्टीने हातउसने हे कर्जच असते. मुदत, पुरावा, व्याज, वारसांची जबाबदारी आणि प्राप्तिकर यांविषयीचे नियम त्यालाही लागू होतात. या लेखात रक्कम देणाऱ्यास धनको आणि घेणाऱ्यास ऋणको असे म्हटले आहे.

## शब्द आणि अर्थच्छटा

‘उसना’ या विशेषणाचा अर्थ ‘परत करण्याच्या बोलीवर घेतलेला’ असा आहे. ‘हात’ या पूर्वपदामुळे व्यवहार हातोहात, म्हणजे मध्यस्थ व दस्तऐवज यांवाचून झाल्याचे सूचित होते. जे स्वतःचे नाही आणि फार काळ टिकणारही नाही, अशा गोष्टीसाठी हा शब्द लाक्षणिक अर्थानेही वापरला जातो. ‘उसने अवसान’ आणि ‘उसने हसू’ हे शब्दप्रयोग त्याची उदाहरणे आहेत. वस्तूंच्या उसनवारीत घेतले तेच आणि तेवढेच परत करण्याचा संकेत असतो. वाटीभर साखर नेली तर वाटीभर साखरच परत येते. तिची किंमत दिली जात नाही.

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण आणि ‘ऋण काढून सण करणे’ हा वाक्प्रचार ऐपतीबाहेरच्या खर्चाविषयी सावध करतात. ‘उधारीचे पोते सव्वा हात रिते’ या म्हणीत उधारीवर घेतलेला माल मापात कमी भरतो, हा ग्राहकाचा अनुभव आहे.

## स्वरूप आणि तत्सम व्यवहार

हातउसन्याशी मिळतेजुळते अनेक व्यवहार मराठी समाजात रूढ आहेत. त्यांच्यातील फरक पुढीलप्रमाणे सांगता येतो.

* उधारी : दुकानदाराकडून माल आधी घेऊन पैसे नंतर देणे. दुकानदाराची वही हा तिचा पुरावा असतो आणि उधारीची किंमत अनेकदा मालाच्या दरातच धरलेली असते.
* उचल : पुढे करावयाच्या कामाच्या मजुरीपोटी आगाऊ घेतलेली रक्कम. ऊसतोड कामगार हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतात. येथे परतफेड पैशाने नव्हे, तर श्रमाने होते.
* सावकारी कर्ज : व्याज मिळवण्याच्या हेतूने आणि व्यवसाय म्हणून दिलेले कर्ज. यासाठी परवाना आवश्यक असतो.
* भिशी : ठरावीक सभासदांनी दरमहा समान रक्कम जमा करून ती पाळीपाळीने एकेकास देणे. हा सामूहिक व्यवहार असून त्यात प्रत्येक जण आळीपाळीने धनको व ऋणको होतो.
* सावड आणि इर्जिक : शेतीच्या कामात श्रमांची किंवा बैलजोडीची परस्पर मदत करणे. पैसा मध्ये न आणता केलेली ही एक प्रकारची उसनवारीच होय.
* आहेर : लग्नकार्यात दिलेली भेट. ती परत मागता येत नाही. तथापि अनेक घरांत आहेराची वही ठेवली जाते आणि समोरच्या घरच्या कार्यात तिच्या आधारे तोलामोलाचा आहेर केला जातो.

यांपैकी उधारी, भिशी आणि आहेर या तिन्ही व्यवहारांत वही असते. एकाच वेळी सर्वांत मोठी रक्कम ज्यात गुंतण्याची शक्यता असते, त्या हातउसन्यात मात्र ती बहुधा नसते.

## ऐतिहासिक पार्श्वभूमी

मनुस्मृतीत न्यायनिवाड्याचे जे अठरा विषय सांगितले आहेत, त्यांत ‘ऋणादान’ म्हणजे कर्जाची देवघेव हा पहिला विषय आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शंभर पणांस दरमहा सव्वा पण हे धर्म्य व्याज मानले आहे. त्याच ग्रंथात पती-पत्नी, पिता-पुत्र आणि अविभक्त भाऊ यांनी परस्परांकडून घेतलेले ऋण दाव्याने वसूल करता येत नाही, असा नियम सांगितला आहे. घरातील देवघेव न्यायसभेपर्यंत नेऊ नये, ही धारणा इतकी जुनी आहे.

एकोणिसाव्या शतकात दख्खनमधील शेतकऱ्यांचा लेखी कर्जाशी आलेला संबंध कटू होता. कर्जरोखा सावकार लिहून घेई आणि बहुसंख्य शेतकऱ्यांना तो वाचता येत नसे. १८७५ साली भीमथडी तालुक्यातील सुपे येथून सुरू झालेल्या दख्खनच्या दंग्यांत शेतकऱ्यांचा मुख्य रोख सावकारांकडील कर्जरोखे हस्तगत करून जाळण्यावर होता. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा करण्यात आला. सुरुवातीस पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांना लागू झालेल्या या कायद्याने शेतकऱ्यास भरलेल्या रकमेची लेखी पावती आणि वार्षिक हिशेब मागण्याचा हक्क दिला. एका बाजूनेच लिहिलेला कागद हे शोषणाचे साधन होते. दोन्ही बाजूंकडे असलेली नोंद हे संरक्षण ठरावे, हा त्या तरतुदीमागील विचार होता.

१९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यानंतर परस्परांना ओळखणाऱ्या लोकांनी एकत्र येऊन एकमेकांस कर्ज देण्याच्या पद्धतीला संस्थात्मक रूप मिळाले. मुंबईत गिरणी कामगारांसाठी खानावळी चालवणाऱ्या स्त्रिया महिनाभर उधारीवर जेवू घालत आणि स्वतः मात्र वाणी व सावकार यांच्या ऋणात राहत. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये स्थापन केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाने या स्त्रियांना संघटित करून बँकेच्या कर्जाचा मार्ग मोकळा केला. १९९२ मध्ये नाबार्डने स्वयंसहाय्यता बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक कार्यक्रम सुरू केला. बचत गटात शेजारणीच एकमेकींना कर्ज देतात. परंतु प्रत्येक रक्कम बैठकीत सर्वांसमोर ठरते आणि वहीत लिहिली जाते. नोंद ठेवली म्हणून विश्वास कमी झाला, असे तेथे कोणी मानत नाही.

## कुटुंबातील देवघेव

### पती-पत्नी आणि स्त्रीधन

पतीचा व्यवसाय, घराचा पहिला हप्ता किंवा दिराचे शिक्षण यांसाठी पत्नीचे दागिने गहाण ठेवणे किंवा मोडणे हा मराठी घरांतील परिचित प्रसंग आहे. ही रक्कम ‘घरातच’ गेल्याचे मानले जाते आणि तिची नोंद क्वचितच होते. कायद्याची भूमिका मात्र स्पष्ट आहे. ‘प्रतिभा राणी विरुद्ध सूरज कुमार’ या १९८५ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीधनावर स्त्रीची पूर्ण मालकी असते आणि ते पतीच्या वा सासरच्यांच्या ताब्यात असले तरी त्यांची मालकी होत नाही, असा निर्णय दिला. अडचणीच्या काळात पती स्त्रीधन वापरू शकतो, परंतु ते किंवा त्याचे मूल्य पत्नीस परत करण्याचे नैतिक दायित्व त्याच्यावर राहते, असे याच न्यायालयाने २०२४ मधील एका निकालात नमूद केले.

दागिन्यांची खरेदीपावती, वजनाची नोंद, छायाचित्र आणि सराफाकडील मोडीची पावती एवढी कागदपत्रे जपून ठेवल्यास पुढील बहुतेक प्रश्न उद्भवत नाहीत.

### भावंडे

भावंडांतील व्यवहारात एकच रक्कम दोन्ही बाजूंना दोन वेगळ्या नावांनी आठवते. धाकट्याच्या शिक्षणासाठी थोरल्याने दिलेले पैसे थोरल्याच्या मनात उसने असतात, तर धाकट्याच्या मनात ते कर्तव्य किंवा मदत असते. आईवडिलांचे आजारपण एका भावंडाने पैशाने आणि दुसऱ्याने सेवेने निभावलेले असते. वडिलोपार्जित घराची दुरुस्ती एकाने केलेली असते आणि त्यात राहतो दुसरा. वाटणीच्या वेळी हे सर्व हिशेब एकदम पुढे येतात आणि त्यांपैकी एकाचीही नोंद नसते. म्हणून रक्कम देतानाच ती भेट आहे, उसनी आहे की सामाईक खर्चातील वाटा आहे, हे शब्दांत स्पष्ट करणे महत्त्वाचे ठरते.

### मित्र आणि विद्यार्थी

वसतिगृहात किंवा एकत्र खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्यांत लहान रकमांची उसनवारी सतत चालते. अठरा वर्षांखालील व्यक्तीने केलेला करार भारतीय कायद्यानुसार मुळातच निरर्थक असतो. १९०३ मधील ‘मोहरी बीबी विरुद्ध धर्मदास घोष’ या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने हे तत्त्व निश्चित केले. अज्ञान व्यक्तीस दिलेले हातउसने कराराच्या आधारे वसूल करता येत नाही.

## कायदेशीर स्थिती

### तोंडी व्यवहार

भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार करार लेखीच असला पाहिजे असे नाही. तोंडी दिलेले हातउसनेही वैध कर्ज असते. प्रश्न वैधतेचा नसून पुराव्याचा असतो. रक्कम दिली हे सिद्ध करणे, आणि ती भेट नव्हे तर कर्ज म्हणून दिली हे सिद्ध करणे, या दोन्ही गोष्टींचा भार धनकोवर येतो.

### तीन वर्षांची मुदत

मुदत अधिनियम, १९६३ नुसार उसन्या रकमेच्या वसुलीचा दावा साधारणतः तीन वर्षांत दाखल करावा लागतो. ही मुदत केव्हापासून मोजायची, याविषयी मोठा गैरसमज आढळतो. ‘मागेन तेव्हा परत दे’ अशा बोलीवर दिलेल्या रकमेची मुदत मागणी केल्यापासून नव्हे, तर रक्कम दिल्याच्या दिवसापासून मोजली जाते. परतफेडीचा ठरावीक दिवस लेखी ठरलेला असल्यास मात्र सर्वसाधारणपणे त्या दिवसापासून मुदत सुरू होते. नात्याचा संकोच म्हणून तीन वर्षे न मागणाऱ्याचा न्यायालयात जाण्याचा मार्ग अशा रीतीने बंद होऊ शकतो.

मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने स्वतःच्या सहीने कर्ज लेखी मान्य केले, तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षे मिळतात. अंशतः परतफेड केल्यानेही मुदत वाढते. मात्र त्या परतफेडीची नोंद ऋणकोच्या हस्ताक्षरात किंवा सहीनिशी असावी लागते. उदाहरणार्थ, १० जून २०२२ रोजी मागणीनुसार परत करण्याच्या बोलीवर ६०,००० रुपये दिले असतील, तर दाव्याची मुदत जून २०२५ मध्ये संपते. परंतु ५ मार्च २०२४ रोजी ऋणकोने १०,००० रुपये परत करून ‘उर्वरित ५०,००० रुपये देणे आहे’ असे लिहून सही केली असेल, तर मुदत मार्च २०२७ पर्यंत जाते.

मुदतबाह्य झाल्याने कर्ज नाहीसे होत नाही; केवळ दाव्याचा उपाय संपतो. मुदतबाह्य कर्ज फेडण्याचे नवे लेखी व सही केलेले वचन करार अधिनियमाच्या कलम २५(३) नुसार बंधनकारक ठरते.

### वचनचिठ्ठी आणि धनादेश

ठरावीक रक्कम विनाअट परत देण्याचे सही केलेले लेखी वचन म्हणजे वचनचिठ्ठी. ती परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कक्षेत येते. वचनचिठ्ठीस योग्य मूल्याचा मुद्रांक लावणे आवश्यक आहे. इतर बऱ्याच दस्तऐवजांतील मुद्रांकाची उणीव नंतर दंड भरून दूर करता येते. वचनचिठ्ठीच्या बाबतीत ही सवलत नाही आणि मुद्रांकाविना ती पुरावा म्हणून स्वीकारली जात नाही. वचनचिठ्ठीत व्याजाचा दर लिहिलेला नसेल, तर याच अधिनियमाच्या कलम ८० नुसार रक्कम देय झालेल्या दिवसापासून द.सा.द.शे. १८ दराने व्याज धरले जाऊ शकते. म्हणून व्यवहार बिनव्याजी असल्यास तसे स्पष्ट लिहिणे ऋणकोच्या हिताचे असते.

परतफेडीसाठी दिलेला धनादेश न वटल्यास कलम १३८ लागू होऊ शकते. त्यासाठी धनादेश परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम न मिळाल्यास पुढील एक महिन्यात तक्रार दाखल करता येते. केवळ विश्वासापोटी कोरा धनादेश सही करून देणे धोक्याचे आहे, कारण त्यावर पुढे कोणता आकडा लिहिला जाईल यावर देणाऱ्याचे नियंत्रण राहत नाही.

### व्याज आणि सावकारी

एखाद्या आप्तास अडचणीत पैसे देणे म्हणजे सावकारी नव्हे. तोच व्यवहार व्याजाच्या हेतूने, पुनःपुन्हा व सातत्याने केल्यास तो सावकारीचा व्यवसाय ठरू शकतो आणि महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवान्याविना असा व्यवसाय करणे गुन्हा आहे. हितसंबंधातील कर्ज म्हणून पैसे देऊन तारणादाखल जमिनीचे किंवा घराचे खरेदीखत करून घेणे, हा फसवणुकीचा एक जुना प्रकार आहे. अवैध सावकारीतून गेलेली स्थावर मालमत्ता परत मिळवण्यासाठी या अधिनियमात तरतूद असून त्यासाठी सहकार विभागाच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो.

एका वेळी वसूल होणारे व्याज मुद्दलापेक्षा अधिक असू नये, या दामदुपट नावाच्या हिंदू विधीतील नियमास मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी मान्यता दिली होती. २०१४ च्या अधिनियमातही याच धर्तीची मर्यादा आहे.

### वारसांची जबाबदारी

ऋणकोचा मृत्यू झाल्यास त्याचे देणे त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेतून फेडले जाते. वारसास मिळालेल्या मालमत्तेपलीकडे त्याच्या स्वतःच्या कमाईवर ही जबाबदारी येत नाही. मुंबई इलाख्यात १८६६ च्या हिंदू वारस साहाय्य कायद्याने हे तत्त्व प्रस्थापित केले होते. पित्याचे ऋण फेडणे हे पुत्राचे धर्मकर्तव्य आहे, एवढ्याच आधारावर होणारी वसुली हिंदू उत्तराधिकार अधिनियमातील ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने त्यानंतरच्या कर्जांपुरती बंद केली. अनेक कुटुंबे नैतिक भावनेने असे देणे फेडतात. तो त्यांचा स्वेच्छेचा निर्णय असतो.

### वादाचे निराकरण

पैसे परत न करणे हा स्वतःहून फौजदारी गुन्हा होत नाही. पैसे घेतानाच फसवण्याचा हेतू होता असे दिसले, तरच फसवणुकीचा प्रश्न निर्माण होतो. एरवी हा दिवाणी स्वरूपाचा वाद असतो. लेखी करार किंवा वचनचिठ्ठी असल्यास दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ नुसार संक्षिप्त पद्धतीने दावा चालवता येतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खालील लोकअदालतीत दावा दाखल होण्यापूर्वीही तडजोड करता येते. तेथील निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा असून त्यावर अपील करता येत नाही. नात्यातील वादात हा मार्ग तुलनेने कमी कटुतेचा असतो.

## प्राप्तिकराचे नियम

प्राप्तिकर अधिनियम, १९६१ च्या कलम २६९ एसएस नुसार २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रकमेचे कर्ज रोखीने घेता येत नाही. आधीची थकीत रक्कम आणि नवी रक्कम मिळून ही मर्यादा मोजली जाते. कलम २६९ टी नुसार अशा कर्जाची परतफेडही रोखीने करता येत नाही. नियमभंग झाल्यास कर्जाच्या किंवा परतफेडीच्या रकमेइतका दंड होऊ शकतो आणि तो देणाऱ्यावर नव्हे, तर कर्ज घेणाऱ्यावर किंवा परतफेड करणाऱ्यावर बसतो. धनको आणि ऋणको या दोघांचेही उत्पन्न शेतीचे असून दोघांनाही करपात्र उत्पन्न नसेल, तर रोखीने कर्ज घेण्यावरील निर्बंध लागू होत नाही. २०२५ मध्ये संमत झालेल्या नव्या प्राप्तिकर अधिनियमात कलमांचे क्रमांक बदललेले आहेत.

परत न करण्याच्या बोलीवर मिळालेली रक्कम ही भेट ठरते. एका वर्षात अशा भेटींची एकूण रक्कम ५०,००० रुपयांहून अधिक झाल्यास ती करपात्र उत्पन्न मानली जाते. जोडीदार, आईवडील, मुले, भाऊ-बहीण, मामा, मावशी, काका, आत्या अशा ठरावीक नातेवाइकांकडून मिळालेल्या भेटी मात्र करमुक्त असतात. चुलत, मामे, मावस व आते भावंडे या यादीत नाहीत आणि मित्रही नाहीत. अशांकडून घेतलेली मोठी रक्कम उसनी असल्याचे लेखी नसेल, तर ती भेट समजली जाण्याची शक्यता राहते.

## जामीनकी

स्वतः पैसे न देता दुसऱ्याच्या कर्जास जामीन राहणे, हा नात्यापोटी पत्करल्या जाणाऱ्या जोखमीचा दुसरा प्रकार आहे. पगारदारांच्या सहकारी पतसंस्थांत सहकाऱ्यांनी एकमेकांस जामीन राहण्याची प्रथा सर्वत्र आढळते. ‘नुसती सही हवी आहे’ असे म्हणून ही मागणी केली जाते. करार अधिनियमाच्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे ठरले नसल्यास, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. कर्जदाराविरुद्धचे सर्व उपाय संपल्यानंतरच जामीनदाराकडे जावे, असे बंधन धनकोवर नाही. ‘बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद’ या १९६८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. जामीनदारास रक्कम भरावी लागल्यास ती मूळ कर्जदाराकडून वसूल करण्याचा हक्क त्याला असतो. प्रत्यक्षात मात्र ज्याच्याकडून संस्थेला वसुली करता आली नाही, त्याच्याकडूनच त्याला ती करावयाची असते.

## नोंद आणि नाते

हातउसने लिहून न ठेवण्यामागे ‘कागद मागितला तर अविश्वास दिसेल’ ही भीती असते. परंतु उसनवारीतील बहुतेक भांडणे अप्रामाणिकपणातून नव्हे, तर स्मरणातील फरकातून उद्भवतात. देणाऱ्यास रक्कम व दिवस लक्षात राहतो. घेणाऱ्यास त्या वेळची अडचण लक्षात राहते. हप्त्याहप्त्याने परत दिलेल्या लहान रकमा एकजण मोजतो आणि दुसरा विसरतो. दोघांपैकी एकाचा मृत्यू झाला, तर उरलेल्याचा शब्द आणि वारसांचा संशय समोरासमोर येतात. अशा वेळी वहीतील एक ओळ दोन्ही घरांची अब्रू राखते. नोंदीचा लाभ केवळ धनकोस होतो, हाही गैरसमज आहे. रक्कम फेडल्याचा पुरावा नसल्यास एकच देणे दुसऱ्यांदा मागितले जाण्याचा धोका ऋणकोस असतो.

बिनव्याजी व्यवहारातही धनकोचा खर्च होत असतो, हे अनेकदा ध्यानात येत नाही. द.सा.द.शे. ७ व्याजाची ६०,००० रुपयांची मुदतठेव मोडून ती रक्कम वर्षभर उसनी दिल्यास सुमारे ४,२०० रुपयांचे व्याज बुडते. त्यामुळे परतफेडीस उशीर झाल्यास निदान त्याची पूर्वकल्पना देणे, हे ऋणकोचे पहिले कर्तव्य ठरते.

## व्यवहारातील पथ्ये

हातउसन्याच्या व्यवहारात पुढील पथ्ये उपयुक्त मानली जातात.

* बुडाल्यास स्वतःच्या घराचा आवश्यक खर्च अडणार नाही, एवढीच रक्कम द्यावी. आजारपणासाठी राखलेली शिल्लक, मुलांच्या शिक्षणाची ठेव आणि निवृत्तिवेतनाची रक्कम यातून वगळावी.
* रक्कम बँक खात्यातून द्यावी व खात्यातच परत घ्यावी.
* दिनांक, रक्कम, कारण, परतफेडीचा दिवस आणि व्याज आहे की नाही या पाच गोष्टी एका कागदावर लिहून दोघांनी सही करावी आणि प्रत्येकाने एक प्रत ठेवावी.
* घरातील जोडीदारास व्यवहार माहीत असावा. एकाने गुप्तपणे दिलेले किंवा घेतलेले पैसे पुढे दोन घरांत कलह निर्माण करतात.
* पूर्वीची रक्कम फिटल्याशिवाय नवी रक्कम देण्याघेण्याचे टाळावे.
* जुने कर्ज फेडण्यासाठी नवे हातउसने घेण्याची वेळ आली, तर ती अडचण तात्पुरती नसून उत्पन्न व खर्च यांचा मेळ बिघडल्याचे लक्षण समजावे.
* परतफेड पूर्ण झाल्यावर तसे लिहून द्यावे आणि मूळ वचनचिठ्ठी परत करावी.
* देणे शक्य नसल्यास आरंभीच स्पष्ट नकार द्यावा. शक्य असल्यास कमी रक्कम परत न घेण्याच्या भावनेने मदत म्हणून द्यावी.

## अलीकडील बदल

एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय प्रणाली सुरू झाल्यानंतर हातउसन्यातील रोखीचे प्रमाण घटले आणि रक्कम, दिनांक व वेळ यांची नोंद आपोआप राहू लागली. ही नोंद पैसे दिल्याचे दाखवते. ते कोणत्या बोलीवर दिले हे दाखवत नाही. व्यवहाराच्या टिपणीत ‘हातउसने’ किंवा ‘परतफेड’ एवढा शब्द लिहिल्यास ही उणीव काही अंशी भरून निघते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदी ठरावीक प्रमाणपत्रासह पुरावा म्हणून सादर करता येतात. सही केलेला कागद मात्र अद्यापही वादास सर्वांत कमी जागा ठेवणारा पुरावा आहे.

याच साधनांमुळे फसवणुकीचा नवा प्रकारही उद्भवला आहे. परिचिताचे समाजमाध्यमावरील खाते बळकावून किंवा त्याचे छायाचित्र वापरून ‘तातडीने पैसे हवेत’ असा संदेश पाठवला जातो. संदेश आल्यास त्या व्यक्तीशी पूर्वीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर प्रत्यक्ष बोलून खात्री करणे आवश्यक असते. फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवता येते.

## हेही पहा

* भिशी
* दामदुपट
* स्त्रीधन
* बचत गट
* दख्खनचे दंगे